उस्ताझांच्या दाराबाहेर

मी खाडीकाठची. रत्नागिरी जिल्हा, खेड तालुका, गावात ऐंशीएक घरं आणि जवळजवळ प्रत्येक घरातला एक पुरुष बोटीवर, त्यामुळे आमचं गाव म्हणजे बायकांचं, म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं. माझे अब्बा इंजिनरूममध्ये तेलपाण्याच्या कामाला होते, वर्षातले दहा महिने समुद्रावर, आणि घरी आले की पहिले पंधरा दिवस आम्हाला ते पाहुणेच वाटायचे आणि आपले वाटायला लागले की निघायचा दिवस उजाडलेला असायचा. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, सगळ्यांकडे तसंच होतं. अम्मीने चार पोरं, दोन म्हशी आणि एक तोंडाळ चुलतसासू सांभाळली, आणि तिला बघून मी एक गोष्ट शिकले, ती म्हणजे दिवसात तास मोजकेच असतात आणि ज्याला ते लावता येतात त्याचंच घर चालतं.

शाळा मराठी, सकाळची. दुपारी मशिदीमागच्या खोलीत आपांकडे सिपारा, म्हणजे कुराणाचा एकेक भाग, अरबीत वाचायला शिकायचा. आपा म्हणजे गावातल्या शिकवणाऱ्या बाई. मी चलाख होते, भराभर वाचायचे, पण एकदा मी विचारलं, आपा, याचा अर्थ काय, तर आपा म्हणाल्या, आधी वाच, अर्थ नंतर. तो नंतर काही आलाच नाही, कारण बाराव्या वर्षी अम्मीला हाताखाली कुणीतरी लागायला लागलं आणि माझं दुपारचं जाणं बंद झालं. वाईट वाटलं का म्हणाल तर नाही वाटलं, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

मग दहावी झाली, मग लग्न. हुमैराचे अब्बा, म्हणजे माझे मिस्टर, तेव्हा बोटीवर फिटर होते, आता इंजिनियर आहेत, परीक्षा देत देत वर चढले. त्यांच्या कंपनीचं काम सिंगापूरहून चालायचं म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो आणि तेव्हापासून टॅम्पिनीसलाच आहोत. फ्लॅट तीनदा बदलला पण टॅम्पिनीस नाही बदललं. मी नोकरी करते जहाजांना किराणा पुरवणाऱ्या एका ऑफिसात. बोट बंदरात येणार असली की तिचा स्वयंपाकी आधी यादी पाठवतो, इतके बटाटे, इतकं पीठ, इतकी कोंबडी, आणि तो सगळा माल ठरल्या तासाला धक्क्यावरच्या लाँचमध्ये चढवायचा. चढला तर चढला, नाही तर लाँच निघाली, आणि त्या बोटीवरची वीस माणसं महिनाभर कांद्याशिवाय जेवणार. तेव्हा वेळेच्या बाबतीत मी कशी आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमचे हे म्हणतात, नसीम, तू जन्मतानासुद्धा दाईला घड्याळ दाखवलं असशील.

आता तुम्ही जे लिहून घ्यायला आलात, त्या मुद्द्याचं बोलते. हुमैरा आमची एकच मुलगी, इथेच जन्मली. मराठी समजतं, बोलते पण, तिच्या पद्धतीने. अकरा वर्षांची असताना ती शनिवार-रविवारच्या मशिदीतल्या वर्गाला जायला लागली आणि एक दिवस मला म्हणाली, अम्मी, मला पूर्ण पाठ करायचंय. मी म्हटलं कर. शेजारची मुलगी पोहायला जाते, दुसरी व्हायोलिन शिकते, ही पाठ करील, मला काय त्याचं. मला वाटलं सहा महिन्यांत कंटाळेल. काय सांगू तुम्हाला, पाच वर्षं ती पोरगी पहाटे शाळेआधी उठून पाठ करत होती, आणि सोळाव्या वर्षी तीसच्या तीस सिपारे पाठ. मी मिठाई वाटली, आमच्या गावी फोन केले, मला वाटलं झालं.

तर झालं नव्हतं. आमच्यात अशी एक रीत आहे, मलाही ती तेव्हाच कळली, की नुसतं पाठ असणं वेगळं आणि ते कुणासमोर उतरवणं वेगळं. ज्या बाईंनी आपल्या गुरूसमोर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत तोंडपाठ म्हटलंय, आणि त्या गुरूने आपल्या गुरूसमोर, असं मागे मागे थेट पैगंबरसाहेबांपर्यंत, अशा बाईंसमोर बसून आपण सगळं म्हणायचं. फोनवर चालत नाही, रेकॉर्ड करून पाठवलेलं चालत नाही, समोर बसायचं. मग त्या सनद देतात, म्हणजे त्या रांगेत तुमचं नाव लागतं, आणि पुढे तुम्ही दुसऱ्याला शिकवू शकता. हुमैराला अशा एक बाई सापडल्या यिशुनला, शहराच्या उत्तर टोकाला. मलाय आहेत, उस्ताझा सल्मा, इथे शिकवणाऱ्या बाईंना उस्ताझा म्हणतात. वय असेल ऐंशीच्या आसपास, एवढीशी काया, हातात एक पेन्सिल. म्हणणारीची चूक झाली की त्या बोलत नाहीत, टेबलावर पेन्सिल आपटतात, टक, आणि ही परत मागे जाते.

दर शनिवारी ही बाराच्या आत निघायची आणि संध्याकाळी यायची. मी विचार करायचे, एका सिपाऱ्याला इतका वेळ कसा लागतो. एका शनिवारी माझं सेंबावांगच्या धक्क्यावर काम होतं, ते लवकर आटपलं, आणि यिशुन तिथून जवळच, म्हणून मी म्हटलं चला, पोरीला बरोबर घेऊनच जाऊ. अडीचच्या सुमाराला नवव्या मजल्यावर पोचले आणि बघते तर ही कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसलीय, चपलांच्या मांडणीशेजारी, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. म्हटलं काय गं, दार नाही उघडत का कुणी? तिने ओठांवर बोट ठेवलं. शू, अम्मी, उस्ताझा झोपल्यात. कधीपासून बसलीस? एक वाजल्यापासून. अगं मग बेल मार ना! तर म्हणते, नो ला अम्मी, कॅनॉट. मग जरा उशिरा ये! तर ते पण कॅनॉट. तेवढ्यात दार उघडलं, ती आत गेली, आणि मी दोन तास खाली बाकावर बसून रागाने नुसती धुमसत होते.

परतीच्या बसमध्ये तिने मला हजरत इब्ने अब्बासांची गोष्ट सांगितली. पैगंबरसाहेबांचे हे चुलतभाऊ, वयाने खूप लहान. पैगंबरसाहेब गेले तेव्हा हे तेरा-चौदा वर्षांचे असतील. आपल्या एका मित्राला ते म्हणाले, चल, जे जुनेजाणते साथीदार हयात आहेत त्यांच्याकडे जाऊन आपण विचारून घेऊ, त्यांनी काय पाहिलं, काय ऐकलं. मित्र हसला, म्हणाला, अरे, एवढे मोठमोठे लोक असताना तुला कोण विचारणार आहे? तो काही आला नाही. हे एकटेच गेले, घरोघर. कुणाकडे दुपारचे पोचले आणि तो माणूस आडवा झालेला असला, तर दार वाजवायचे नाहीत, आपली चादर उंबऱ्याशी टाकून तिच्यावर बसून राहायचे, वारा तोंडावर धूळ आणून टाकायचा तरी हलायचे नाहीत. तो माणूस बाहेर आला की ओशाळायचा, म्हणायचा, अहो, तुम्ही पैगंबरसाहेबांच्या घरातले, निरोप पाठवायचा, मीच आलो असतो. तर हे म्हणायचे, नाही, शिकायचंय मला, यायला मीच पाहिजे. आणि पुढे, हुमैरा म्हणाली, ते म्हातारे झाले तेव्हा त्यांच्या दारात शिकणाऱ्यांची एवढी गर्दी की रस्ता बंद व्हायचा, आणि तो हसणारा मित्र ते बघून म्हणाला, हा पोरगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, छान आहे, पण त्यांना ए-लेव्हलची परीक्षा नव्हती. अम्मी! ती हसली, आणि मीही हसले, पण माझ्या डोक्यातलं गणित काही थांबलं नव्हतं.

गणित असं होतं. तेव्हा सप्टेंबर लागला होता. नोव्हेंबरमध्ये हिची ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, ज्यावर कॉलेज ठरणार. डिसेंबरमध्ये उस्ताझांचा मुलगा त्यांना कोटा बारूला, पार मलेशियाच्या वरच्या टोकाला, कायमचं घेऊन जाणार, तिकडे त्यांचं माहेर. आणि हिचे चोवीस सिपारे म्हणून झालेले, सहा बाकी. ते राहिले तर सनद नाही, दुसऱ्या बाईंकडे परत पहिल्यापासून, आणि अशा बाई आहेत किती? म्हणजे पोरीची सहा-सात वर्षं एकीकडे, कॉलेज एकीकडे, आणि माझी मुलगी तास-तास दीड-दीड तास चपलांशेजारी बसतेय. मला जे सुचलं ते मी केलं. तिला न सांगता उस्ताझांना फोन लावला. माझं मलाय बाजारापुरतं आहे, पण काम भागतं. म्हटलं, उस्ताझा, शनिवारी चार वाजता मी गाडी पाठवते, तुम्ही आमच्याकडे या, चार ते सहा तुम्ही ऐका, मग जेवून जा, गाडीच सोडून येईल. पलीकडून म्हणाल्या, बोलेह, बोलेह. म्हणजे चालेल.

मी सांदणं केली, खिम्याचे पॅटिस केले, टेबल पुसून घेतलं, उशी ठेवली खुर्चीवर. चारला दोन मिनिटं कमी असताना उस्ताझा दारात. मला इतकं बरं वाटलं! हाक मारली, हुमैरा, बघ कोण आलंय. ती खोलीतून बाहेर आली आणि तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं चक्कर येतेय हिला. उस्ताझांचा हात कपाळाला लावला, समोर बसली, सुरू केलं, आणि दुसऱ्याच पानावर, टक. पुन्हा, टक. पुन्हा, टक. जो भाग तिला झोपेतून उठवलं तरी येतो, तो येईना. तीनदा अडलं की तो सिपारा त्या दिवसापुरता बंद, असा उस्ताझांचा नियम. त्यांनी पेन्सिल ठेवली, एक सांदण खाल्लं, चहा प्यायल्या, माझ्या स्वयंपाकघराची तारीफ केली आणि जेवायला न थांबता गेल्या.

दार लागलं आणि ही म्हणाली, यू ऑर्डर्ड हर, अम्मी. जेवण मागवतात तसं तू उस्ताझांना मागवलंस. मी म्हटलं, म्हाताऱ्या बाईंना गाडीने आणलं, खाऊ घातलं, गाडीने पोचवलं, यात कमीपणा कुठे आला? ती म्हणाली, तुला नाही कळणार. आणि त्यानंतर तीन शनिवार ती गेलीच नाही. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणाली. मी पहिल्या शनिवारी मनात म्हटलं, बरंच झालं, अभ्यास करील. अभ्यास करत होती, नाही असं नाही. पण पहाटेचा तिचा आवाज बंद झाला. सात वर्षं त्या आवाजावर मी चहा टाकत होते, आणि आता नुसती केटली बोलत होती. तिसऱ्या आठवड्यात मला नीट कळलं की मी काय करून बसलेय. लाँच निघायची वेळ झालीय आणि मीच माल उतरवून ठेवलाय.

यांचा फोन आला, बोट ब्राझीलजवळ होती. सगळं सांगितलं. आधी हसले. म्हणाले, नसीम, उस्ताझा म्हणजे काय बटाट्याची गोणी वाटली, धक्क्यावर हजर करायला? मी म्हटलं, टोमणे नंतर मारा, काय करू ते सांगा. माफी माग, म्हणाले. ठीक, फोन करते. फोन? परत हसले. म्हणाले, अगं बाई, एकदा तरी पायांनी जा.

तर मी ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेतली आणि गेले. माफी मागायला उशिरा कसं जायचं, म्हणून लवकर गेले, आणि दीड वाजता त्या दारासमोर. बेलवर बोट ठेवलं. आणि दाबलं नाही. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही, इब्ने अब्बास आठवले असतील, हुमैराचं ते शू आठवलं असेल. मी तिथेच खाली बसले, पोरगी बसते त्या जागी. शेजारचं दार उघडलं आणि एक चिनी आंटी बाहेर आली, हाफ पँट, हातात पाण्याची झारी. यू लुकिंग फॉर हू? मी दाराकडे बोट दाखवलं. स्लीपिंग ला, म्हणाली, अँड यू, द मदर इझिट? सेम फेस. मग आत गेली आणि एक प्लास्टिकचं स्टूल आणून आदळलं माझ्यासमोर. युवर डॉटर डोन्ट वॉन्ट चेअर, म्हणाली, यू ओल्ड, यू टेक.

घेतलं मी. पहिली वीस मिनिटं मी मनात माफीचं भाषण तयार केलं, पुढची वीस मिनिटं दुसऱ्या दिवशीच्या बोटीची यादी. मग काही राहिलंच नाही. वरच्या मजल्यावरच्या बांबूवर कुणाचे तरी कपडे वाळत होते, त्यांचं पाणी ठिपकत होतं, एवढंच. तुम्ही लिहाल की मला मोठं काहीतरी उमगलं, तर तसं काही लिहू नका. फक्त एवढंच लक्षात आलं की हातात काम नसताना अशी मी कितीतरी वर्षांत बसले नव्हते, आणि त्याने कुणाचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

पावणेतीनला दार उघडलं. उस्ताझा म्हणाल्या, अरे, तू? बेल का नाही मारलीस? मी एवढं भाषण तयार केलेलं, ते सगळं गेलं, आणि तोंडातून निघालं, बस लवकर आली. त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला धरावं लागलं.

आत बसवलं, सरबत दिलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी कशाची, आईने बोलावलं म्हणून मी आले, मलाही बघायचं होतं ही पोरगी कुठे राहते ते. पण ती तुझ्या घरात तुझी मुलगी असते ना, तिचा एक कान स्वयंपाकघरात होता, अम्मी खूश आहे का नाही. इथे आली की ती फक्त शिकणारी असते. मग मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. पलंग, आणि पलंगाला लागून काचेच्या पट्ट्यांची खिडकी, थेट कॉरिडॉरवर. म्हणाल्या, दर शनिवारी मी दीडलाच जागी होते. पडून राहते आणि ऐकते. तिला वाटतं मी झोपलेय, म्हणून ती बाहेर न घाबरता म्हणते. कुठे अडखळते, कुठे घाई करते, सगळं मला इथे कळतं, आणि आत आली की मी नेमकं तेवढंच पकडते. म्हणून तिचं इतरांपेक्षा लवकर होतं. नाही तर चोवीस सिपारे एवढ्यात झाले असते?

जो वेळ मी वाचवायला निघाले होते, अर्धा धडा त्याच वेळात होत होता. उस्ताझांनी मला सांगितलं, हे तिला सांगू नकोस, नाही तर बाहेर पण घाबरेल. नाही सांगितलं. आता सांगितलंय, कारण आता सगळं झालं.

मग आम्ही दोघी बायका वही घेऊन बसलो. त्यांनी परीक्षेच्या तारखा विचारल्या, मी पेपर कोणता कधी ते सांगितलं. पेपराच्या आदल्या दिवशी नाही, बाकी मंगळवार, गुरुवार, शनिवार. बाहेर बसेल तेव्हा परीक्षेची पुस्तकं आणू दे, त्या म्हणाल्या, रसायनशास्त्र ऐकायला पण मला आवडेल.

घरी येऊन मी हुमैराला म्हटलं, उस्ताझांनी बोलावलंय, आठवड्यातून तीनदा. फोन केलास तू? नाही, गेले होते. बेल मारलीस? नाही. किती वेळ? सव्वा तास. वाह, अम्मी, म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली, जे ती कधी करत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा आवाज परत सुरू झाला. मी पलंगावरच पडून ऐकला, उठले नाही लगेच.

ते दोन महिने कसे गेले ते विचारू नका. डबा दोन ठिकाणचा, झोप पाच तास, मधे तिला ताप, मधे उस्ताझांचा गुडघा. ती चिनी आंटी तर शेवटी एक घडीचं टेबलच मांडायला लागली बाहेर. परीक्षा झाली, आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी शेवटचा सिपारा. सात-आठ बायका जमल्या होत्या, माझ्या मांडीवर बर्फीचा डबा. शेवटच्या सूरा, म्हणजे अध्याय, छोट्या छोट्या असतात, भराभर आल्या, पेन्सिल एकदाही वाजली नाही, आणि शेवटचा शब्द झाला. मी डब्याचं झाकण उघडून उभी राहिले. आणि हुमैरा थांबलीच नाही. श्वास घेतला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं, पहिली सूरा पूर्ण, आणि पुढच्या सूरेच्या काही ओळी. मला वाटलं चुकली, घाबरून परत मागे गेली. डबा हातात धरून मी उभी, आणि उस्ताझांनी हाताने मला खाली बसवलं. मग कानात म्हणाल्या, संपवून उठायचं नसतं, संपलं की त्याच बैठकीला सुरुवात करायची असते. आणि तिचं म्हणून झाल्यावर सनदेच्या कागदावर, गुरूंच्या त्या सगळ्या नावांच्या खाली, त्यांनी माझ्या पोरीचं नाव लिहिलं. हुमैरा सिराज, आईचं नाव नसीम. आईचं नाव लिहायची पद्धत नाही, त्यांनी लिहिलं.

आता जून आहे. एका विषयात एक ग्रेड खाली आला, पण औषधशास्त्राला प्रवेश मिळालाय, ऑगस्टला सुरू होईल. तोपर्यंत सुट्टी, आणि ही म्हणते दोन महिने कोटा बारूला जाते, तेच सगळं वाचायच्या आणखी पद्धती आहेत, त्यातली दुसरी उस्ताझांसमोर धरते. म्हणजे तीस सिपारे पुन्हा. मी विचारलं, किती वर्षं लागतील? नो आयडिया, अम्मी. जा, म्हटलं. तिकीट मीच काढलंय, रविवारचं. गुडघ्याचं तेल, आमच्याकडची आमसुलं आणि सांदणांचं पीठ बांधून दिलंय उस्ताझांसाठी. अल्ला त्यांना भरपूर हयात देवो, कान असेच तल्लख ठेवो. अजून बऱ्याच पोरी जायच्या आहेत त्यांच्याकडे.